हवा गेलेली पाकिटं

चर्रर्र.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं पाडलेलं असतं, सासू-सासरे आडवे झालेले असतात, तेव्हा आमच्या घरात पाल सरपटली तरी ऐकू येते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत बसले होते. आवाज पिठाच्या ड्रमामागून आला. दुकानदाराच्या घरात हा आवाज ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही.

"अपू," मी हळूच हाक मारली.

 उठून वाकून बघितलं, तर माझी सहा वर्षांची अपेक्षा गुडघे पोटाशी घेऊन ड्रम आणि भिंतीच्या मध्ये बसलेली. गाल फुगलेला, चावणं मध्येच थांबलेलं, बोटांना केशरी मसाला. ओठ मात्र कसले ते पांढरे. दवाखान्यातून येऊन अजून आठवडाही झाला नव्हता.

"याच्यात हवा नव्हती, आई," तोंडातलं न गिळताच ती म्हणाली. "कोणी घेणारच नव्हतं."

खोटं बोलत नव्हती ती. हे आमच्याच घरचं बोलणं, ऐकून ऐकून तिला पाठ झालेलं.

बोरगाव मेघेतलं आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सासरे, प्रभाकरराव, यांनी ते थाटलं आणि आता माझे यजमान गजेंद्र ते चालवतात. दुकानाच्या तोंडावर खाऱ्या-तिखट पाकिटांच्या लडी लटकलेल्या असतात. गिऱ्हाईक पाकीट तोडून आधी दोन बोटांनी दाबून बघतं. टम्म असलं तर घेतं. पोत्याखाली दबून हवा गेलेलं असलं तर काउंटरवर टाकून दुसरं मागतं. एजन्सीचा माणूस अशी पाकिटं वापस घेतो म्हणतो आणि घेत नाही. मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, एकच नेम आहे. दुकानातली वस्तू उकिरड्यावर जायची नाही. तडकलेला नारळ चटणीत जातो, कागद फाटलेला साबण आमच्या मोरीत, आणि हवा गेलेली पाकिटं स्वयंपाकघरातल्या उंच पत्र्याच्या डब्यात. लग्न होऊन पवनारहून इथं आले तेव्हा मला हा डबा म्हणजे केवढी श्रीमंती वाटली होती. कधीही हात घाला, रिकामा यायचा नाही.

अपूला दात आले ते याच डब्यावर. संध्याकाळी मामाजी दुकानातून आत यायचे, बंडीचा खिसा पुढे करायचे आणि म्हणायचे, "पाह्य बरं बेटा, काय हाये?" ती हात घालायची. काय आहे ते दोघांनाही माहीत असायचं, तरी दोघं दर वेळी नव्यानं हसायची. हातांना कंप सुटलेल्या, फारसं न बोलणाऱ्या त्या माणसाजवळ नातीला द्यायला दुसरं काय होतं?

दिवाळीनंतर एका सकाळी शाळेतून फोन आला. प्रार्थनेच्या रांगेत अपू खाली बसली होती आणि तिला उठताच येईना. आम्ही तिला सेवाग्रामला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याखालची पापणी बोटानं ओढली आणि मला म्हणाल्या, "बघा." आत गुलाबी असायला हवं तिथं कोरा कागद.

"काय खाते ही?"

मामाजी हट्टानं सोबत आले होते. त्यांनीच सांगितलं, "दिवसभर खाऊनच राह्यते जी. उपाशी नाई राहू देत आमी तिले."

"जेवते का पण?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं.

"खडू, माती खाते?"

तेव्हा मला पाटीवरच्या पेन्सिली आठवल्या. दर चार दिवसांनी नवी लागायची. पोरगी अभ्यास किती करते, म्हणून आम्ही कौतुक करायचो.

"पोट भरतंय हिचं," बाई म्हणाल्या, "पण अंगाला काही लागत नाही. रक्त सातसुद्धा नाही. जंताची गोळी देते, रक्ताचं औषध देते. पण जेवणाच्या जागेवर ते पाकीट येऊन बसलंय ना, ते तुम्हालाच उठवावं लागेल. होळीच्या आधी परत रक्त बघू. चढलं नाही तर भरती करून रक्त द्यावं लागेल. हृदयाला त्रास व्हायला लागलाय."

 परत येताना ऑटोत मामाजींनी अपूला मांडीवर घेतलं नाही. हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले.

म्हणून त्या दुपारी ड्रमामागे वाकून मी हात पुढे केला, आणि अपूनं पाकीट मुकाट्यानं माझ्या हातावर ठेवलं. भांडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. भांडायचीही ताकद नव्हती लेकराच्या अंगात. मी तसाच तो डबा उचलला आणि दुकानाच्या काउंटरवर उपडा केला.

आवाजानं सासूबाई उठून आल्या. "काय झालं वो ज्योत्स्ना? दोन दाणे खाल्ले त मरून राह्यली का ते? आमचे पोरं नाई का वाढले? हा गजू नाई का धडधाकट?"

"ते भाकरीवर वाढले, आत्याबाई. तवा होते का हे पाकिटं?"

"लय शिकून आली तू दवाखान्यातून." त्या पदर झटकून आत गेल्या.

गजेंद्र काउंटरवरच्या ढिगाकडे बघत उभे होते. "बरं, नको घरात. पण फेकू कुठं? पैसे भरले हाये नं मालाचे."

"कुठंबी टाका," मी म्हटलं. "माह्या घरात नको."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर एक निळी टोकरी आली. हवा गेलेली पाकिटं, अर्ध्या भावात. पायरीवर ठेवली म्हणजे लहान पोरांच्या हाताशी येते. पाकिटं घराबाहेर गेली, अपूला त्यातलं द्यायचं नाही हे ठरलं, म्हणून मला बरंच वाटलं. डबा घासून मी उन्हात पालथा घातला आणि संध्याकाळी त्यात ज्वारीचं पीठ भरलं.

त्यानंतरचे दिवस फार कठीण गेले. अपू ताटाशी बसायची आणि ताट निवून जायचं. डाळभाजीतला शेंगदाणा नि शेंगदाणा वेचून कडेला लावायची. भाकरीचा घास एका गालात धरून ठेवायची, गिळायचीच नाही. मी गोष्ट सांगायचे, मग चिडायचे, मग दोघी रडायचो, ती तिथंच मोठ्यानं आणि मी मोरीत नळ सोडून. लोहाच्या औषधानं दात काळे पडले म्हणून वर्गातली पोरं हसली. त्या दिवशी तर ती तोंडच उघडेना.

"काऊन खात नाई, माय?" मी हात जोडायचे बाकी होते.

घास गालात सरकवून म्हणाली, "हे वाजत नाई, आई."

"काय वाजत नाही?"

"तोंडात. ते वाजते. हे गपच राह्यते."

दुसऱ्या दिवशी मी भाकर तव्यावर फडक्यानं दाबून दाबून शेकली, पार पापडासारखी कडक केली. वर तेलाचं बोट फिरवलं, जवसाची चटणी भुरभुरली आणि तुकडे करून तिच्यासमोर ठेवले.  तिनं एक तुकडा उचलला, हुंगला, दाताखाली धरला. कुडुम. माझ्याकडे बघितलं. परत कुडुम. मी गॅसकडे तोंड फिरवलं, कारण आनंद झालेला दिसला की ती लगेच थांबते.

तिथून थोडंथोडं जमत गेलं. तुरीचे सोले, म्हणजे हिरवे दाणे, आले तशा मी शेंगा मीठ घालून उकडायला लागले. दाणा बोटांनी दाबून थेट तोंडात उडवायचा खेळ तिला आवडला. निम्मे जमिनीवर जायचे, निम्मे पोटात. एके सकाळी उठून बघते तर सासूबाई ज्वारीच्या कण्या शिजवून वर ताक ओतत होत्या. "तुह्या पोरीसाठी नाई," माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले खावाशा वाटल्या." आणि मामाजींनी, कितीतरी दिवसांनी, बंडीचा खिसा पुढे केला. अपूनं आधी माझ्याकडे बघितलं, मग हात घातला. बोरं होती, पिकलेली, काहींना अजून माती लागलेली. मामाजी मला म्हणाले, "हे चालते नं, सूनबाई?" सत्तरीचा माणूस मला विचारत होता. मी कशीबशी मान हलवली.

आमच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये भागीरथा राहते. नवरा पुण्याकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. ती पोरींच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. अंधारात जाते, दिवे लागल्यावर येते. तिची काजल अपूहून दोनेक वर्षांनी मोठी. शाळा सुटली की आई येईपर्यंत तिचा मुक्काम आमच्या ओट्यावर. भागीरथा सकाळी तिच्या मुठीत खाऊला थोडे पैसे देऊन जायची. पूर्वी त्यात एक पाकीट यायचं, टोकरी आल्यापासून दोन यायला लागली.

एक दिवस ओट्यावर दोघींचं चाललं होतं. मी आतून ऐकत होते.

"म्हातारीवानी कडक भाकर खाते वो तू! दात पडन तुह्ये," काजल हसत होती.

"पडलेच हाये दोन. तुह्यी आई देते का अशी भाकर?"

"माही आई अख्ख्या होस्टेलच्या पोळ्या करते!"

"मंग तुले किती देते?"

"मेसच्या पोळ्या मेसच्याच राह्यते. घरी आल्यावर तिचे हात दुखते." मग हात पुढे करून, "दे बरं एक तुकडा."

मी बाहेर जाऊन तिला पूर्ण भाकर दिली. तिनं ती उभ्या उभ्या संपवली. "मस्त लागते काकू," म्हणाली, आणि टोकरीतलं पाकीट दातानं फाडलं. तिच्या ओठांना पांढरं काही लागलं होतं. पीठ असेल म्हणून मी पदरानं पुसायला गेले. पीठ नव्हतं. पाटीवरची पेन्सिल होती.

मी तिची पापणी ओढून बघितली नाही. बघायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी भागीरथाला गाठलं. ती दारात पाय पसरून बसली होती, दंडापर्यंत पीठ वाळलेलं.

"भागीरथाताई, काजलले एकदा दवाखान्यात दाखवा. माह्या अपूचं असंच झालतं."

"दाखवतो नं वैनी. पण सुट्टी कोण देते? एक दिवस नाई गेली त दुसरी बाई उभीच राह्यते. पोरींच्या परीक्षा झाल्या का होस्टेल खाली होते, तवा नेतो." मग माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या टोकरीनं मात्र लय भलं केलं, वैनी. आधी पोट्टी भुकेची किरकिर करे. आता मी येवोस्तोर तिचं पोट भरून राह्यते. शाळेतली खिचडीबी मागत नाई आता."

मी हात सोडवून घेतला, काहीतरी निमित्त सांगून. घरी येऊन गजेंद्रना म्हटलं, "ते टोकरी काढा."

"काल म्हणे घरात नको, आज म्हणे दुकानात नको. उद्या म्हणशीन, शटरच नको."

"काजलपुरतं तरी नाई देऊ तिले."

"नाई दिलं त ते चौकातल्या दुकानातून आणन. तिथं टम्म भेटन, पुऱ्या भावात. मंग भागीरथाबाई मलेच बोलन का पोरीले काऊन हाकललं." ते चिडून बोलत नव्हते. थकलेल्या आवाजात, समजावून सांगत होते. "तू आपल्या पोरीचं पाह्य. सगळ्या गावाच्या पोरीयचं आपल्याच्यानं होते का?"

मामाजी पलीकडे बसून ऐकत होते. 

मग मी ठरवलं, रोज एक भाकर काजलची. केलीही काही दिवस. ती यायची, खायची, तिच्या आईच्या हाताच्या नकला करून आम्हाला हसवायची. पुढे अपूला ताप आला. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. ताप उतरला तर रक्त तपासायचा दिवस जवळ आला. माझं सगळं ध्यान अपूच्या तोंडाकडे, नखांकडे, पापण्यांकडे. मधल्या दिवसांत काजल ओट्यावर दिसायची की नाही, हे आता आठवायला गेलं तरी आठवत नाही.

होळीच्या आधी आम्ही सेवाग्रामला गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग अपूची पापणी ओढली, आणि परत मला म्हणाल्या, "बघा." फार नाही, पण रंग आला होता. कोवळ्या गुलाबी कापडासारखा. "रक्त नाही द्यावं लागणार. हेच खाणं चालू ठेवा." गजेंद्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एकटेच हसत होते. वाटेत त्यांनी संत्री घेतली. अपूनं सोललेली फोड आधी माझ्या तोंडात घातली.

घरी आलो तर भरदिवसा शटर पूर्ण खाली. सासूबाई ओट्यावर बसलेल्या, डोक्यावर पदर.

"काजलले नेलं," त्या म्हणाल्या. "नळावर पाण्याचा भरला गुंड उचलून राह्यली होती. गुंड पडला अन् तिच्यावर ते. तोंड कसं सुजलं होतं वो माय. श्वासच धरत नव्हता. तुह्ये मामाजी गेले ऑटोत सोबत."

आम्ही एका रस्त्यानं घरी येत होतो तेव्हा ती त्याच रस्त्यानं दवाखान्यात जात होती. एखाद्या वळणावर आमचे ऑटो एकमेकांजवळून गेलेही असतील, आणि आम्ही संत्री खात असू.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. कॉटवर काजल मावत नव्हती अशी सुजली होती आणि तरी एवढीशी दिसत होती. वरून थेंबथेंब रक्त चाललेलं. नाकाला नळी. नर्सबाई म्हणाल्या, रक्त चारावर आलं होतं, हृदय थकलंय, फार हळू द्यावं लागतंय, आत्ताच काही सांगता येत नाही. भागीरथा कॉटच्या लोखंडाला डोकं टेकून बसली होती. मला बघून तिनं सरकून जागा केली.

"तुमच्या अपूचं बरं निघालं म्हणे?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं झालं माय," ती म्हणाली. "एकीचं तरी बरं झालं."

ती मनापासून म्हणाली. टोमणा असता तर मी ऐकून घेतला असता. मी डबा उघडला. डाळभाजी होती, मऊ भात होता. काजलला तोंडानं काही द्यायचं नाही, असं नर्सबाईंनी सांगितलं. तो डबा मी भागीरथासाठी ठेवला. तिनं झाकण लावून तो कॉटखाली सरकवला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा पायरीवर टोकरी नव्हती. कुणी काढली, पाकिटं कुठं गेली, मी विचारलं नाही. मामाजी अंगणात खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवायला उठले नाहीत. सासूबाईंनी दोनदा हाक मारली आणि मग त्यांनीही आपलं ताट झाकून ठेवलं.

अपूला मात्र भूक लागली होती. आता तिला वेळेवर भूक लागते. मी तिला वरणात भाकर कुस्करून दिली, कडेला मेथीची भाजी, लिंबाची फोड. ती मन लावून जेवत होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि कॉटवरच्या त्या दुसऱ्या केसांचा विचार करत होते, घामानं कपाळाला चिकटलेल्या.

"काजल केव्हा येईन, आई?"

"येईल. बरी झाली की."

"तिले काय झालं?"

"रक्त कमी झालं."

"माह्यासारखं?"

"हो."

तिनं आणखी एक घास घेतला, नीट चावला, गिळला. मग हात ताटातच थांबला. तिला काहीतरी उमगत चाललं होतं, आणि मी ते थांबवू शकत नव्हते. तिनं मान वर केली.

"ते हवा गेलेले पाकिटं आधी माह्ये होते नं, आई? मीच खाल्ले असते, त काजलले भेटले नसते नं?"